ट्रान्सड्यूसर आतून बसवताय? आधी पाण्याच्या पिशवीवर चाचणी घ्या

शिडाच्या बोटीला भोक न पाडता डेप्थ साउंडर (ध्वनिलहरींनी पाण्याची खोली मोजणारं यंत्र) चालतो. त्याचा ट्रान्सड्यूसर, म्हणजे लहरी सोडणारा आणि परत टिपणारा भाग, आतून तळाला चिकटवायचा. पण तळ सलग फायबरग्लासचा हवा. मधे फोम किंवा बाल्सा लाकूड असेल तर ध्वनिलहरी तिथेच जिरतात. लाकडी आणि धातूच्या बोटींना ही पद्धत नकोच.

जागा कीलच्या (तळाखालच्या उभ्या पात्याच्या) थोडी पुढे, मध्यरेषेजवळ बघा. बोट पाण्यात असतानाच, प्लॅस्टिकच्या पातळ पिशवीत पाणी भरून ती तळावर ठेवा, ट्रान्सड्यूसर त्यावर दाबून धरा आणि दोरीला वजन बांधून मोजलेल्या खोलीशी आकडा ताडून बघा. पटला, तरच पुढचं काम.

मग आतला रंग खरवडून फायबरग्लास उघडा करा, अॅसिटोनने पुसा. चिकटवायला इपॉक्सी, म्हणजे दोन भाग मिसळून कडक होणारा गोंद, हळूहळू ढवळा, फेसाळू देऊ नका. ट्रान्सड्यूसर किंचित फिरवत दाबला की अडकलेली हवा कडेने निघते. एवढासा बुडबुडाही सिग्नल खातो, त्यामुळे इथे घाई अजिबात नको. सिलिकॉन मऊ राहतं, ते वापरू नका.

खोलीची कमाल मर्यादा थोडी घटेल. किनाऱ्यालगत फिरणाऱ्याला त्याने फरक पडत नाही. तापमानाचा आकडा मात्र समुद्राचा नसून बोटीच्या तळाचा असेल. शेवटी यंत्रात ऑफसेट, म्हणजे मोजलेल्या आकड्यात मिळवायचा किंवा वजा करायचा फरक, भरा: खोली पाण्याच्या पातळीपासून हवी की कीलखालून, हे बोटीवरच्या सगळ्यांना ठाऊक असू द्या.