कांटचे ‘आतिथ्याचे कलम’ विरचनेच्या पद्धतीने कसे वाचावे

राष्ट्रवाद की विश्वनागरिकत्व, असा वाद सुरू झाला की लोक लगेच बाजू घेतात आणि मूळ मजकूर तसाच बंद राहतो. विरचना (डिकन्स्ट्रक्शन) म्हणजे मजकुरातल्या विरोधी वाटणाऱ्या कल्पना एकमेकींवर कशा अवलंबून आहेत, हे त्याच्याच शब्दांतून दाखवणारे वाचन. ती शिकायची तर मजकूर उघडावाच लागतो. सुरुवातीला जर्मन तत्त्वज्ञ इमान्युएल कांटच्या चिरंतन शांततेवरील निबंधातले (१७९५) तिसरे मुख्य कलम, म्हणजे परक्याच्या आतिथ्याविषयीचे कलम, घ्या. ते जेमतेम काही पानांचे आहे. मात्र दुसरे कलम आधी वाचा. त्यात कांट सगळ्यांचे मिळून एकच राज्य न मागता स्वतंत्र राज्यांचा संघ मागतो. हे सुटले, तर तिसरे कलम सीमा पुसायला सांगते असे वाटू लागते.

पहिले वाचन कांटचे वकील होऊन करा. त्याचा युक्तिवाद चार-पाच ओळींत लिहून काढा: पृथ्वी गोल आहे, माणसे अमर्याद पांगू शकत नाहीत, एकमेकांचा शेजार सोसावाच लागतो, जमिनीच्या कुठल्याही तुकड्यावर मुळात एकाचा दुसऱ्यापेक्षा जास्त हक्क नव्हता, म्हणून परक्याने आपल्या भूमीवर पाऊल ठेवले एवढ्यावरून त्याला शत्रू मानता येत नाही. हा त्याचा हक्क आहे, आपली दया नव्हे. बहुतेकांचे वाचन फसते ते ही पायरी गाळल्यामुळे: निकाल आधी ठरतो आणि मजकुरात फक्त पुरावे शोधले जातात.

दुसऱ्या वाचनाला पेन्सिल घ्या आणि हक्काला मर्यादा घालणारा प्रत्येक शब्द अधोरेखित करा. शीर्षकापासूनच सापडतील. हक्क भेटीचा आहे, मुक्कामाचा नाही. मुक्कामासाठी वेगळा करार लागतो. परका शांततेने वागेल तोवरच त्याच्याशी वैर करायचे नाही. आणि त्याचा नाश होणार नसेल, तर त्याला परत पाठवता येते.

या शेवटच्या अटीवर थांबा. नाश होणार की नाही, हे कोण ठरवणार? यजमान राज्य. ते ठरवायचे तर परक्याचे म्हणणे ऐकावे लागेल, आणि ऐकायचे तर निदान तेवढ्यापुरते त्याला थांबू द्यावे लागेल. म्हणजे नकार देण्याआधीच थोडा स्वीकार घडलेला असतो. उलट बाजूही तपासा: दार आणि दाराचा मालक असल्याशिवाय आतिथ्य कोण करणार? विश्वनागरिकाचा हक्क राष्ट्राच्या उंबरठ्यावर उभा आहे, आणि उंबरठाही त्या हक्कावाचून न्याय्य ठरत नाही. हे परस्परावलंबन मजकुराच्याच शब्दांत दाखवता आले, तर विरचना जमली.

इथे दोन चुका हमखास होतात. एक म्हणजे जोडी नुसती उलटी करणे: कालपर्यंत राष्ट्र वर होते, आज विश्व वर. दुसरी, विसंगती सापडली की कांट ढोंगी ठरवून पुस्तक मिटणे. विरचनेची मांडणी करणारा फ्रेंच तत्त्वज्ञ जॅक देरिदा याने १९९६ साली स्ट्रासबुर्गसाठी लिहिलेल्या भाषणात याच कलमावर बोट ठेवले, पण ते मोडीत काढले नाही. बिनशर्त आतिथ्याची मागणी आणि अटींचे कायदे, दोन्ही धरून ठेवूनच निर्णय घ्यावा लागतो, असे त्याचे म्हणणे. अटींशिवाय ती मागणी हवेत राहते. मागणीशिवाय अटी सुधारण्याचे कारणच उरत नाही.

आता आपले वाचन याच कलमातल्या हिंदुस्थानच्या उल्लेखावर घासून पाहा. व्यापारी ठाण्यांच्या नावाखाली परके सैन्य आणून युरोपीयांनी तिथल्या लोकांवर जुलूम केला, असा कांटचा स्पष्ट आरोप आहे. पाहुण्यांवर बंधने घालणाऱ्या चीन आणि जपानला तो शहाणे म्हणतो. म्हणजे आज निर्वासितांना अडवायला वापरता येणारी ‘फक्त भेट’ ही अट इथे बळजबरीने घुसणाऱ्यांविरुद्ध यजमानाचे संरक्षण करते. अट म्हणजे संकुचितपणा, असे तुम्ही लिहिले असेल तर ते खोडा. प्रत्येक अटीपुढे समासात एकच प्रश्न लिहा: यात बलवान कोण, येणारा की दार धरून बसलेला?

हे जमले की १९५१च्या निर्वासितविषयक कराराचे ३३वे कलम घ्या. पहिला परिच्छेद धोक्याच्या ठिकाणी परत पाठवायला मनाई करतो, दुसरा देशाच्या सुरक्षेचा अपवाद काढतो. दोन्ही शेजारी ठेवून पेन्सिल पुन्हा उचला.