इंडस्ट्रियल बायोटेकची राष्ट्रीय स्ट्रॅटेजी लिहायचीय? मग लॅब शेवटी ठेवा

इंडस्ट्रियल बायोटेक म्हणजे जंतू वापरून कारखान्यात इंधन, केमिकल, प्लास्टिक बनवणं. त्याचं देशपातळीवरचं धोरण म्हटलं की सुरुवात हमखास लॅबपासून होते, किती पीएचडी, किती पेटंट, किती सेंटर ऑफ एक्सलन्स. तुम्ही कॉलेजच्या प्रोजेक्टसाठी लिहीत असा नाहीतर खरंच कुठल्या खात्यासाठी नोट बनवत असा, माझं ऐकाल तर उलट्या टोकाने सुरू करा. आधी माल कोण घेणार, मग कच्चा माल कुठल्या भावाने मिळणार, मग जंतू वाढवायच्या टाक्या (फर्मेंटर) कुठे, आणि जंतूंचे जीन बदलायचं काम, म्हणजे जीन एडिटिंग, सगळ्यात शेवटी.

केंद्राची बायोटेक उत्पादनासाठीची बायोई३ पॉलिसी २४ ऑगस्ट २०२४ ला कॅबिनेटने मंजूर केली. त्यात सहा विषय आहेत, बायो-केमिकल्स आणि एन्झाइम्सपासून थेट समुद्र आणि अंतराळापर्यंत. एवढं सगळं एकदम धरलं तर एकही धड होणार नाही, म्हणून दोन-तीन प्रॉडक्ट निवडा आणि निवडताना हिशेब करा. एक किलो ग्लुकोजमधून कागदावर जास्तीत जास्त ५१० ग्रॅम इथेनॉल निघतं, बाकीचा कार्बन डायऑक्साइड होतो, तेच लॅक्टिक ॲसिड केलं तर कागदावर पूर्ण एक किलो. म्हणजे तीच साखर, पण हातात काय पडतं यात दुपटीचा फरक, आणि स्वस्त केमिकलमध्ये मोठा खर्च साखरेचाच असतो हो.

आता गिऱ्हाईक. इथेनॉल आपल्याकडे का चाललं? २०१४ च्या आसपास पेट्रोलमध्ये जेमतेम दीड टक्का मिसळलं जायचं, जून २०२२ मध्ये १० टक्के झालं, कारण तेल कंपन्या ठरलेल्या भावाने घेणार हे कारखान्यांना माहीत होतं आणि डिस्टिलरीच्या कर्जावर व्याजात सूट होती. साखरेचं इथेनॉल करणारं यीस्ट काही नवीन नव्हतं. बायोप्लास्टिकला असा बांधील गिऱ्हाईक कोण? स्ट्रॅटेजीत हे नाव लिहाच, रेल्वे, हॉस्पिटलं, जे काय असेल ते, पण किती टन आणि किती वर्षं हे धरून. नाहीतर सगळं बाजारात तुरी.

आणि एकदा दिलेला शब्द हलवू नका. ७ डिसेंबर २०२३ ला उसाच्या रसापासून इथेनॉल करायला एकदम बंदी आली, आठवडाभरात १७ लाख टन साखरेच्या मर्यादेत ढील दिली. साखर कमी पडेल ही भीती खोटी नव्हती, पण ज्याने नुकतंच कर्ज काढून प्लांट टाकला त्याचं काय? त्यामुळे दुष्काळी वर्षी मळी, धान्य, भाताचा पेंढा यातलं काय वापरायचं, हे आधीच लिहून ठेवा. पेंढ्याचा प्रयोग पानिपतला इंडियन ऑइलने केलाय, २०२२ पासून, पण पेंढा गोळा करून वर्षभर साठवायचा म्हणजे निम्मी लढाई तिथेच.

टाक्यांवर मात्र जरा थांबा, पैसा इथेच लागतो. फ्लास्कमध्ये जंतू मस्त वाढतात, शेकरवर हलवलं की ऑक्सिजन मिळतो. तेच दहा हजार लिटरला नेलं की हवा सगळीकडे सारखी पोचत नाही, उष्णता बाहेर काढायला कूलिंग कॉइल पुरत नाही, फेस चढत चढत एग्झॉस्ट फिल्टरपर्यंत जातो, आणि एखाद्या व्हॉल्व्हच्या मागे वाफ नीट पोचली नाही, तिथे १२१ डिग्री झालंच नाही, की बाहेरचा बॅसिलस आत शिरतो आणि आख्खी बॅच मारून ईटीपीला (सांडपाणी शुद्धीकरण प्लांटला) सोडावी लागते. बायरॅक या केंद्राच्या बायोटेक संस्थेची स्टार्टअपसाठीची बिग ग्रँट ५० लाखांपर्यंत मिळते, आयडिया सिद्ध करायला ठीक आहे, पण त्यात अशी टाकी येत नाही. पुण्याच्या प्राज कंपनीने २०२४ मध्ये जेजुरीला पीएलएचा, म्हणजे लॅक्टिक ॲसिडपासूनच्या बायोप्लास्टिकचा, डेमो प्लांट उभा केला, मोठ्या कंपनीला ते जमतं. छोट्यांसाठी सरकारने पायलट प्लांट बॅचच्या भाड्याने द्यावेत, ऑपरेटरसकट. हे ऑपरेटर नवीन शोधायला नकोत, साखर पट्ट्यातल्या डिस्टिलरीत रात्रपाळी काढलेली पोरं आहेत, त्यांना ॲसेप्टिक, म्हणजे बाहेरचा जंतू आत येऊ न देता करायचं, काम शिकवा.

परमिशनचं थोडक्यात: जीएम (जीन बदललेला) जंतू असेल तर संस्थेची बायोसेफ्टी कमिटी, मग केंद्राच्या बायोटेक खात्याची कमिटी आरसीजीएम, गरज पडली तर पर्यावरण मंत्रालयाची जीईएसी, शिवाय प्रदूषण मंडळ वेगळंच. एकच खिडकी म्हणायचं असेल तर प्रत्येक टप्प्याला दिवसांची मुदत लिहा. सांडपाणी विसरू नका, मळीपासून लिटरभर अल्कोहोलमागे आठ-दहा लिटर स्पेंटवॉश, म्हणजे डिस्टिलरीचं गडद सांडपाणी, सहज निघतं.

शेवटी आयातीचा मुद्दा, कारण चीनचे फर्मेंटर अवाढव्य आहेत. पिंपरीची हिंदुस्थान अँटिबायोटिक्स १९५४ ची, पेनिसिलिन आपण तेव्हापासून करत होतो, तरी पुढे चीनच्या स्वस्त मालापुढे देशातलं पेनिसिलिन जी (बऱ्याच अँटिबायोटिक्सचा कच्चा माल) बंद पडलं. मग २०२० मध्ये सरकारने उत्पादनावर प्रोत्साहन रक्कम देणारी पीएलआय स्कीम आणली आणि २०२४ मध्ये आंध्रात काकीनाड्याकडे उत्पादन परत सुरू झालं, वरातीमागून घोडं. म्हणून प्रत्येक निवडलेल्या प्रॉडक्टपुढे दोन आकडे लिहा, आपला किलोचा खर्च आणि बंदरावर उतरणाऱ्या मालाचा भाव, आणि फरक किती झाला की कुठली ड्युटी लागणार तेही आत्ताच.