फाइल्स फोल्डरमध्येच राहू द्या, शोध डेटाबेसवर सोपवा

माझ्याकडे पक्ष्यांच्या आवाजांची अकरा हजारांवर रेकॉर्डिंग्ज आहेत. बरीच वर्षं मी ती वर्ष, महिना आणि जागा अशा फोल्डरांत लावत होतो. मग पहाटेच्या एकाच रेकॉर्डिंगमध्ये कोकीळ, बुलबुल आणि मागे पाऊस असं सगळं मिळालं. ही फाइल ठेवायची कुठे?

डिस्कवर फाइल्स कशा मांडायच्या ते ठरवणाऱ्या पारंपरिक फाइल सिस्टीमची ही मूळ अडचण आहे. लिनक्सच्या एक्स्ट-४ फाइल सिस्टीममध्ये प्रत्येक फाइलचा एक आयनोड, म्हणजे माहितीची नोंद, असतो. त्यात आकार, मालक, परवानग्या, वेळा आणि डेटा डिस्कवर कुठे आहे त्याची माहिती असते. नाव मात्र डिरेक्टरीत (फोल्डरमध्ये), आयनोडच्या क्रमांकासोबत. त्यामुळे मार्ग, म्हणजे फोल्डरांसकट पूर्ण पत्ता, माहीत असला की फाइल चटकन उघडते, पण 'पावसातले सगळे बुलबुल' असं विचारायची सोयच नाही.

ती सोय फाइल सिस्टीममध्येच आणायचे प्रयत्न झाले. बीओएस या जुन्या ऑपरेटिंग सिस्टीमच्या सुरुवातीच्या आवृत्त्यांत फाइल्सशेजारी वेगळा डेटाबेस होता, पण दोघांचा मेळ राखणं जड गेलं. म्हणून तिच्या नंतरच्या बीएफएस फाइल सिस्टीमने गुणधर्म आणि त्यांचे इंडेक्स (चटकन शोधायच्या सूच्या) फाइल सिस्टीमच्या पोटातच घेतले. मायक्रोसॉफ्टने २००३ साली दाखवलेलं विनएफएस हे याच धर्तीचं काम २००६ साली गुंडाळलं गेलं. आपल्याला शेजारी डेटाबेसच ठेवायचा आहे, तेव्हा मेळ बिघडणार हे धरूनच तो बांधायचा.

सुरुवात ओळखीपासून करा. प्रत्येक फाइलचा शा-२५६ हॅश, म्हणजे तिच्या मजकुरावरून निघणारा ठसा, काढा आणि तीच तिची ओळख माना. मी आधी मार्गालाच ओळख मानलं होतं. एका फोल्डरचं नाव बदललं आणि चारशे नोंदी एका क्षणात अनाथ झाल्या. अर्थात, फाइलमधला एक बाइट बदलला तरी हॅश बदलतो, म्हणून मूळ रेकॉर्डिंगला हात लावू नका. कापाकापी प्रतीवर करा.

मग एसक्यूलाइटमध्ये, म्हणजे एकाच फाइलमध्ये मावणाऱ्या छोट्या डेटाबेसमध्ये, तीन टेबलं करा. एकात हॅश, मार्ग, आकार आणि बदलाची वेळ, दुसऱ्यात टॅग, तिसऱ्यात कोणत्या फाइलला कोणता टॅग. माझ्या त्या पहाटेच्या रेकॉर्डिंगच्या तिसऱ्या टेबलात तीन ओळी आहेत: कोकीळ, बुलबुल, पाऊस. फाइल जागची हललेली नाही. या टेबलाला दोन्ही बाजूंनी, फाइलवरून टॅग आणि टॅगवरून फाइल असा, इंडेक्स लावा.

फोल्डर तपासणारी स्क्रिप्ट लिहिताना आकार आणि वेळ तीच असेल तर हॅश पुन्हा काढू नका. जुन्या मार्गावर फाइल दिसली नाही म्हणून नोंद लगेच पुसू नका. तोच हॅश दुसरीकडे मिळाला तर फक्त मार्ग बदला. सगळी तपासणी एकाच ट्रान्झॅक्शनमध्ये (सगळे बदल होतील किंवा एकही नाही) घ्या. मध्येच वीज गेली तरी आधीची स्थिती शाबूत राहते, आणि दर नोंदीला डिस्कची वाट पाहावी लागत नाही.

आवाजाच्या आलेखांची छोटी चित्रं मी डेटाबेसमध्येच ठेवतो. एसक्यूलाइटच्या स्वतःच्या चाचणीत १० केबीच्या आसपासचे तुकडे वेगळ्या फाइल्सपेक्षा डेटाबेसमधून सुमारे ३५ टक्के वेगाने वाचले गेले, कारण दर तुकड्याला फाइल उघडा-बंद करावी लागत नाही. लांब रेकॉर्डिंग्ज मात्र बाहेरच हवीत, म्हणजे ती कुठल्याही प्लेयरमध्ये उघडतात.

बॅकअपसाठी चालू डेटाबेसची नुसती कॉपी करू नका. एसक्यूलाइटच्या वॉल मोडमध्ये (बदल आधी वेगळ्या फाइलमध्ये लिहिण्याच्या पद्धतीत) ताज्या नोंदी शेजारच्या फाइलमध्ये असू शकतात. एसक्यूलाइटची बॅकअपची कमांड वापरा. टॅग हे आपल्या कानांचं काम आहे, ते पुन्हा काढून मिळत नाही, म्हणून हॅश आणि टॅग दर आठवड्याला साध्या टेक्स्ट फाइलमध्येही उतरवून ती रेकॉर्डिंग्जसोबत ठेवा.

मग एकदा डेटाबेस बाजूला हलवा, फोल्डर आणि त्या टेक्स्ट फाइलवरून नवा उभा करा आणि 'बुलबुल, पाऊस' विचारा. जुन्या आणि नव्या, दोन्ही डेटाबेसमध्ये आकडा तोच यायला हवा.