गॅस संपत नसतो : एसी-कूलरच्या कामात येणाऱ्या नव्या मुलांसाठी

आमच्या नागपुरात एप्रिल उजाडला की फोनवरचं पहिलं वाक्य ठरलेलं असतं. "भाऊ, एसी थंड करत नाही, गॅस भरून द्या." आयटीआयतून नुकताच बाहेर पडलेला मुलगा हे ऐकतो, सिलिंडर उचलतो आणि निघतो. मीही पहिले दोन उन्हाळे तेच करत होतो, कारण ज्यांच्या हाताखाली शिकलो तेही तेच करत. म्हणून सगळ्यात आधी हेच सांगतो : एसीतला गॅस गाडीतल्या पेट्रोलसारखा जळून संपत नाही. तांब्याच्या नळ्यांत तो बंदिस्त फिरतो, खोलीतली उष्णता उचलतो आणि बाहेर नेऊन सोडतो. जोडणी नीट असेल तर मशिनचं आयुष्य संपेपर्यंत तोच गॅस पुरतो. कमी झाला असेल तर कुठून तरी गळतोय. गळती न शोधता गॅस भरणं म्हणजे फुटक्या घागरीत पाणी ओतणं.

मानेवाड्यातल्या एका घरचं काम मला कायम आठवतं. दीड टनाचा साधा स्प्लिट, आर-३२ गॅसचा. काकूंनी सलग तीन उन्हाळे गॅस भरून घेतला होता. मी सिलिंडर खालीच ठेवला आणि आधी टाँग टेस्टर (वायरीभोवती अडकवून करंट मोजायचा मीटर) लावला. नेमप्लेटवर लिहिलं होतं त्याच्या निम्म्याच्या आसपास करंट. इनडोअरची जाळी काढली, तर कॉइलच्या सुरुवातीच्या दोन-तीन वळणांवर बर्फ आणि बाकी कॉइल कोरडी. उन्हाळ्यात आर-३२ च्या मशिनला सक्शनचा, म्हणजे जाड नळीतून कॉम्प्रेसरकडे (गॅस दाबून फिरवणाऱ्या यंत्राकडे) परतणाऱ्या गॅसचा, दाब साधारण सव्वाशे पीएसआयच्या आसपास दिसायला हवा. इथे काटा साठच्याही खाली. आता खात्रीने म्हणता येत होतं की गॅस कमी आहे. अंदाजाने म्हणणं वेगळं आणि मोजून म्हणणं वेगळं.

मग गळती. कॉम्प्रेसरचं तेल गॅसबरोबर नळीतून फिरत असतं, त्यामुळे गॅस सुटतो तिथे तेलही थोडं थोडं येतं आणि त्यावर धूळ बसते. आउटडोअरच्या जाड नळीच्या नटाखाली अशीच काळी, चिकट धूळ होती. तिथे साबणाचा फेस लावला आणि गप्प बसून पाहत राहिलो. घाई करणाऱ्याला ही गळती दिसत नाही. अर्ध्या मिनिटाने मोहरीएवढा एक बुडबुडा आला, हळूहळू वाटाण्याएवढा झाला आणि फुटला. लगेच त्याच जागी दुसरा. मी काकूंना गॅलरीत बोलावून तो दाखवला.

"म्हणजे तीन वर्षं हे असंच गळून राहिलं होतं?"

"हो काकू, नट कोणी उघडूनच पाहिला नाही."

पुढचं नीट वाचा, इथे जीव जाऊ शकतो. नट उघडायच्या आधी बरीच मुलं सवयीने पंप डाउन करायला जातात, म्हणजे कॉम्प्रेसर चालवून सगळा गॅस आउटडोअरमध्ये गोळा करायला. सक्शनच्या बाजूला गळती असताना हे करू नका. दाब शून्याखाली गेला की त्याच भोकातून हवा आत खेचली जाते. कॉम्प्रेसरमध्ये हवा, तेल, दाब आणि उष्णता एकत्र आली की डिझेल इंजिनासारखा आत भडका उडतो आणि कॉम्प्रेसर फुटतो. मी उरलेला गॅस रिकव्हरी मशिनने रिकाम्या सिलिंडरमध्ये काढून घेतला.

नट उघडल्यावर कारण समोर होतं. फ्लेअर (नटाखाली बसणारं नळीचं पसरट केलेलं तोंड) एका बाजूला पातळ होऊन चिरला होता. नळी कापल्यावर आतली कड न घासता थेट फ्लेअर काढला की असं होतं. मी दोन इंच नळी कापली, तोंड खाली धरून रीमरने कड साफ केली म्हणजे तांब्याचा चुरा आत जात नाही, नट आधी नळीत ओवला (हे विसरून पुन्हा कापायची वेळ प्रत्येकावर येते), फ्लेअर काढला, त्याच्या पाठीला तेलाचं बोट लावलं, नट हाताने बसेल तेवढा बसवला आणि शेवटचे आटे टॉर्क रेंचने. ताकदीने आवळलेला नट घट्ट बसतो हा गैरसमज आहे, त्याने फ्लेअर चिरडतो.

नंतर ड्राय नायट्रोजन भरून अर्धा तास थांबलो. काटा हलला नाही. नायट्रोजन मिळत नाही म्हणून ऑक्सिजन भरणारे लोक मी पाहिलेत. तेलाशी ऑक्सिजनची गाठ पडली की स्फोट होतो. ऑक्सिजनचा सिलिंडर फक्त ब्रेझिंगसाठी, म्हणजे ज्योतीने नळ्या सांधायला. मग व्हॅक्यूम पंप लावला, मायक्रॉन गेज (नळीत किती हवा उरली ते दाखवणारं) पाचशेच्या खाली गेल्यावर पंप बंद करून दहा मिनिटं आकडा पाहिला. काही जण गॅसच्याच झोताने हवा बाहेर ढकलून काम उरकतात, त्यात नळीतली ओल तशीच राहते, तेलात मिसळून आम्ल बनते आणि कॉम्प्रेसरचं वाइंडिंग खाते. शेवटी वजनकाट्यावर नेमप्लेटवरच्या ग्रॅमप्रमाणे गॅस. सगळे मिळून तीन तास गेले. नुसता गॅस भरला असता तर अर्ध्या तासात मोकळा झालो असतो, पण पुढच्या वर्षी त्याच घराने तोच बिघाड घेऊन मला शोधलं असतं. तीन तासांचे पैसे मागायला लाजू नका. काय केलं ते दाखवलं की लोक देतात.

शिक्षणाचं थोडक्यात. आयटीआयमध्ये रेफ्रिजरेशन अँड एअर कंडिशनिंग टेक्निशियन हा दोन वर्षांचा ट्रेड आहे, दहावीनंतर. प्रवेश ऑनलाइन होतो. नंतर शिकाऊ उमेदवारी जरूर करा. वर्गात इलेक्ट्रिकलच्या तासाला मागे बसू नका, कारण 'थंड करत नाही' म्हणणाऱ्या निम्म्या घरी मला गेलेला कॅपॅसिटर, जळालेली वायर नाहीतर मळाने बुजलेली कॉइल सापडते. कॅपॅसिटर डिस्चार्ज केल्याशिवाय हात लावू नका. इन्व्हर्टर एसीच्या पीसीबीवर (सर्किट बोर्डवर) मेन बंद केल्यावरही काही मिनिटं तीनशे व्होल्टच्या वर डीसी असतो. मीटर लावून उतरल्याची खात्री करा. आउटडोअर बाहेरच्या ब्रॅकेटवर असेल तर सेफ्टी बेल्टशिवाय खिडकीबाहेर पाय टाकू नका. ग्राहक कितीही घाई करो.

गॅसही ओळखायला शिका. ओझोनला धोका म्हणून १९८७ च्या माँट्रियल करारानुसार आर-२२ हा जुना गॅस बंद होत चाललाय. नंतर आलेले आर-४१०ए आणि आर-३२ ओझोन खात नाहीत, पण पृथ्वी तापवतात, म्हणून २०१६ च्या किगाली दुरुस्तीने तेही कमी करायचे ठरले आणि भारताने ती २०२१ मध्ये मान्य केली. आर-३२ मंद का होईना पेट घेतो, आर-२९० तर प्रोपेनच. खिडक्या उघड्या ठेवा, आणि नळीत गॅस असताना ब्रेझिंगचा टॉर्च पेटवू नका. जुन्या आर-२२ च्या मशिनमध्ये आर-३२ भरून द्या म्हणणारा ग्राहक भेटेल. त्याला नाही म्हणा. दाब दीडपट, तेल वेगळं, मशिन त्यासाठी बनलेलंच नाही.

विदर्भातल्या मुलांनी कूलरला कमी लेखू नये. आपल्याकडे मे महिन्यात हवा कोरडी असते, त्यामुळे पाणी भराभर वाफ होऊन कूलर खरंच गार करतो. मुंबईच्या दमट हवेत तोच कूलर नुसती ओल करेल. लाकडाच्या किसाच्या ताट्या काढून हनीकोंब (मधाच्या पोळ्यासारखे जाळीदार) पॅड बसवणं हे कमी पैशातलं चांगलं अपग्रेड आहे. वाळ्याच्या ताट्यांचा वास मात्र हनीकोंबला येत नाही, आणि त्या वासासाठी मी घरच्या कूलरला अजून वाळाच लावतो. पण आधी अर्थिंग पाहा. पत्र्याच्या कूलरमध्ये करंट उतरून दर उन्हाळ्यात माणसं जातात. मी टेस्टरवर विसंबत नाही. मीटरने अर्थ तपासतो आणि तीस मिलीअँपिअरचा आरसीसीबी (करंट गळताच वीज तोडणारा स्विच) बसवल्याशिवाय बिल करत नाही. टाकीतलं पाणी आठवड्यातून एकदा पूर्ण काढून टाकायला सांगा, डेंग्यूचे डास त्यातच वाढतात.

कोणी मोठा एसी घ्यायचाय म्हणून विचारलं, तर आधी वरचा स्लॅब उघडा आहे का ते बघा. तापलेल्या स्लॅबला पांढरा चुना मारून आणि पश्चिमेच्या खिडकीला बाहेरून आडोसा करून दोन टनाची गरज दीडवर आलेली मी पाहिली आहे.

दिवाळीनंतर एसीचे फोन थांबतात. तेव्हा गिझर करा. बोअरच्या जड पाण्याने एलिमेंटवर क्षाराचा जाड थर बसतो. तो काढा, टाकी गंजू नये म्हणून असलेला मॅग्नेशियमचा रॉड झिजला असेल तर बदला, सेफ्टी व्हॉल्व्ह हाताने उघडून पाहा. आणि बंद बाथरूममध्ये गॅस गिझर दिसला तर कामाला हात लावायच्या आधी घरच्यांना खाली बसवून सांगा. कार्बन मोनॉक्साइडला वास नसतो, आंघोळ करणाऱ्याला कळायच्या आत तो बेशुद्ध होतो. गिझर बाहेरच्या मोकळ्या जागेत हलवायला तयार नसतील, तर ते काम मी घेत नाही.