घर बदलताना कोंबुचाच्या बाटल्या आणि लोणच्याच्या बरण्या नेताना

ठाण्यातून नवी मुंबईत घर हलवायचं तर गाडीचा प्रवास फार तर तास-दीड तासाचा. कोंबुचाच्या, म्हणजे गोड चहा आंबवून केलेल्या फसफसत्या पेयाच्या, बाटल्या मात्र जवळजवळ एक दिवस फ्रीजबाहेर राहतात आणि खरा धोका तिथे आहे. आदल्या रात्री फ्रीज रिकामा करून बंद करावा लागतो. नव्या घरी, उभा आणला असला तरी तीन-चार तास तो चालू करायचा नाही. आडवा आणला असेल तर पूर्ण एक दिवस थांबायचं, कारण कॉम्प्रेसरमधलं तेल परत जागेवर यायला हवं. चालू केल्यावरही आतून नीट गार व्हायला काही तास जातात. फ्रीज उभा आणला तरी सगळी बेरीज वीस-चोवीस तास होते. मे महिन्यात किंवा ऑक्टोबरच्या उकाड्यात एवढा वेळ बाटली फुटायला पुरेसा आहे.

बाटली फुटते ती दोन कारणांनी. गार पेयात कार्बन डायऑक्साइड विरघळून राहतो. पेय तापलं की तो बाहेर पडून झाकणाखाली साठतो. फ्रीजमध्ये ५ अंशांवर असलेली बाटली ३२ अंशांवर आली की आतला दाब दुपटीच्या वर जातो. शिवाय उबेत यीस्ट पुन्हा कामाला लागतं आणि उरलेल्या साखरेचा आणखी गॅस करतं. फळांचा रस घातलेल्या बाटल्यांत ही साखर जास्त असते, म्हणून आंबा, द्राक्ष, अननस घातलेल्या बाटल्या सगळ्यात बेभरवशाच्या. गाडीत हादरे बसल्याने फारसा दाब वाढत नाही. त्याने गाळ ढवळला जातो आणि लगेच उघडल्यास अर्धी बाटली फेसासकट ओट्यावर येते.

तयारी आठ दिवस आधी सुरू करा. त्या दिवसानंतर रस किंवा आलं-साखर घालून एकही नवी बाटली भरू नका. भरलेल्या आहेत त्या चार दिवस आधी फ्रीजमध्ये टाका आणि जमतील तेवढ्या संपवा, शेजारी द्या. आमचं मत स्पष्ट आहे: रसाच्या, भरपूर गॅस धरलेल्या काचेच्या बाटल्या नेऊच नयेत. दीडशे रुपयांच्या पेयासाठी टेम्पोतल्या माणसाच्या डोळ्याशी खेळ करण्यात अर्थ नाही.

तरीही काही न्यायच्याच असतील तर त्यांतला गॅस आधी काढा. दोन दिवस आधी, बाटली पूर्ण गार असताना, सिंकमध्ये उभी धरा, झाकणावर जाड नॅपकिन टाका आणि तारेचं झाकण हळूहळू सैल करा. फेस वर यायला लागला की लगेच दाबा, मिनिटभर थांबा, पुन्हा सोडा. दुसऱ्या दिवशी हेच एकदा परत. मग पेय गाळून घ्या, कारण फळाच्या तुकड्यांवर बुडबुडे धरतात आणि त्यांतली साखरही सुटत राहते. गाळलेलं पेय कोल्ड ड्रिंकच्या रिकाम्या प्लास्टिक बाटलीत भरा. पाण्याची बाटली चालत नाही, ती दाबासाठी बनलेलीच नसते. कोल्ड ड्रिंकच्या बाटलीचा तळ पाच पाकळ्यांचा असतो, त्यावरून ओळखा. वर तीन-चार सेंटीमीटर जागा ठेवा आणि झाकण लावण्याआधी बाटली हाताने दाबून पोटाला खळगा पाडा. हा खळगा म्हणजे तुमचं दाबमापक. वाटेत तो भरून आला आणि बाटली दगडासारखी टणक लागली, तर आत गॅस तयार झालाय हे न उघडता कळतं.

काचेची बाटली वापरणार असाल तर गोल आणि जाडच हवी. चौकोनी शोभेच्या बाटल्या कोपऱ्यात तडकतात. जॅमच्या बाटल्या तर दाबाखाली कधीच नाहीत.

पॅकिंगला मासळी किंवा फळं येतात तो जाड थर्माकोलचा खोका उत्तम. अर्ध्या लिटरच्या आठ बाटल्यांना एक लिटरच्या गोठवलेल्या पाण्याच्या चार बाटल्या असं प्रमाण धरा. गोठवताना त्या काठोकाठ भरू नका, बर्फ झाल्यावर पाणी जवळजवळ नऊ टक्के फुगतं. फ्रीज आदल्या रात्री बंद होणार, म्हणून बर्फ दोन दिवस आधी लावा आणि फ्रीज बंद करतानाच सगळं खोक्यात भरा. बाटल्या उभ्याच ठेवा, मध्ये पुठ्ठ्याचे खण, रिकाम्या जागी जुने टॉवेल. झाकण चिकटपट्टीने बंद करून खोक्याच्या चारही बाजूंना ‘वरची बाजू’ असा बाण काढा.

पॅकर्सवाले द्रव पदार्थ घ्यायला बहुधा नाखूष असतात, आणि ते बरंच आहे. हा खोका टेम्पोत, गाद्या-कपाटांच्या खाली जाऊच नये. स्वतःच्या गाडीत, मागच्या सीटच्या पायाशी ठेवा. डिकी उन्हात भट्टी होते. बऱ्याच सोसायट्यांत सामान हलवायला ठरावीक वेळ आणि ठरावीक लिफ्ट असते. नव्या सोसायटीची वेळ आधी विचारून घ्या, नाहीतर खोका दुपारभर गेटपाशी उन्हात पडून राहतो. निघायचं ते सकाळी लवकर. पावसाळ्यात विटाव्याच्या रेल्वे पुलाखाली पाणी साचतं, त्या दिवसांत कळव्यावरून जाण्यापेक्षा मुलुंड-ऐरोली पुलावरून ठाणे-बेलापूर रोडला लागा.

एखादी काचेची बाटली वाटेत तापलीच, तर ती उघडायला जाऊ नका, हलवूही नका. चष्मा लावा, बाटलीवर ओला जाड टॉवेल गुंडाळा, बादलीत उभी करा आणि भोवती बर्फाचं पाणी घाला. तासाभराने, गार झाल्यावरच गॅस सोडा.

आता मूळ विरजण, म्हणजे ज्याने पुढचा कोंबुचा आंबवायचा ते. लोक वरच्या जाड चकतीला, म्हणजे स्कोबीला, फार जपतात. पण काम करणारे जिवाणू आणि यीस्ट आंबट पाण्यात, म्हणजे चकतीखालच्या आंबलेल्या चहात, भरपूर असतात. त्यामुळे एक चकती आणि सोबत ४०० ते ५०० मिली जुनं आंबट पाणी एवढंच न्या. रुंद तोंडाची काचेची बरणी, दोन-तृतीयांश भरलेली, प्लास्टिकचं झाकण. धातूचं झाकण आम्लाने गंजतं. चिनी मातीच्या बरणीत कोंबुचा ठेवू नका. झिलईत शिसं असेल तर आम्ल ते ओढून घेतं. विरजण बर्फाच्या खोक्यात घालू नका. गारठ्याने जिवाणू सुस्तावतात आणि पुढच्या घाण्यावर बुरशी धरते. बरणी सावलीत, हातात न्यावी. आणखी एक बरणी ठाण्यातच ओळखीच्या घरी ठेवून द्या. एक गेली तरी दुसरी उरते.

नव्या घरी पोचल्याबरोबर झाकण काढून सुती फडकं बांधा. रंगाचा वास असलेल्या खोलीत, सिंकजवळ किंवा खरकट्याशेजारी ठेवू नका, चिलटं लगेच येतात. नवा घाणा घालायला लिटरभर पाणी झाकण न लावता दहा मिनिटं उकळा, कारण टाकी नुकतीच धुतलेली असेल तर पाण्याला ब्लीचिंगचा वास असतो. त्यात ८ ग्रॅम चहा, ७५ ग्रॅम साखर; पूर्ण निवल्यावर १५० मिली आंबट पाणी. पाइपचा गॅस सुरू व्हायला वेळ लागू शकतो, तेव्हा इंडक्शन शेगडी पटकन हाताशी येईल अशा खोक्यात ठेवा. पीएचची (आंबटपणा मोजायची) पट्टी असेल तर सुरुवातीलाच ४.५ च्या खाली आकडा यायला हवा. तपकिरी धागे दिसले तर ते यीस्टचे आहेत. कोरडी, केसाळ, हिरवी-काळी बुरशी दिसली तर चकतीसकट सगळं ओतून द्या, वरवर काढून टाकणं पुरत नाही.

लोणच्याला दाबाची भीती नाही, तेलाची आहे. अर्धी बरणी हिंदकळते, तेल काठावरून बाहेर येतं आणि फोडी उघड्या पडतात. म्हणून आदल्या दिवशी वरचं तेल कोरड्या स्टीलच्या डब्यात काढून घ्या, फोडी कोरड्या डावाने दाबून बसवा, तोंडावर प्लास्टिक आणि त्यावर फडकं सुतळीने आवळून बांधा. लिंबाच्या लोणच्यावर अ‍ॅल्युमिनियम फॉइल लावू नका, आंबट-खारटाने तिला भोकं पडतात. चिनी मातीची बरणी एकेका बादलीत, भोवती टॉवेल कोंबून ठेवा. पोचल्यावर तेल परत ओता; फोडींवर बोटभर थर होत नसेल तर थोडं तेल कडकडीत तापवून, पूर्ण गार करून घाला.

कोंबुचाच्या बाटल्या फ्रीज नीट गार झाल्यावर आत ठेवा आणि दोन दिवस हलवू नका. गाळ तळाला बसल्यावरच पहिली बाटली उघडा, तीही सिंकमध्ये.