होडीवरून माणूस पाण्यात पडला तर: पर्सनल लोकेटर बीकन कसा वापरावा

शिडाची छोटी होडी ६ नॉट वेगाने चालली असेल, तर मिनिटाला साधारण १८५ मीटर अंतर कापते. माणूस पडल्याचं लक्षात येऊन होडी थांबेपर्यंत तीन मिनिटं गेली, तर मध्ये अर्ध्या किलोमीटरहून जास्त पाणी असतं. लाटांत त्याचं फक्त डोकं वर असतं आणि तेही अधूनमधूनच दिसतं. अशा वेळी अंगावरचा पर्सनल लोकेटर बीकन, म्हणजे पीएलबी, जीव वाचवू शकतो. पण तो काय करतो आणि काय करत नाही, हे किनाऱ्यावर असतानाच समजून घ्यायला हवं.

हाक कुठे पोचते

पीएलबी ४०६ मेगाहर्ट्झवर साधारण दर ५० सेकंदांनी एक छोटा संदेश सोडतो. कोस्पास-सारसॅट या आंतरराष्ट्रीय शोध-बचाव यंत्रणेचे उपग्रह तो टिपतात आणि तो जमिनीवरच्या केंद्रांमार्फत बचाव समन्वय केंद्राकडे जातो. सोबत १२१.५ मेगाहर्ट्झवर एक क्षीण संदेश चालू राहतो. शोधायला आलेलं विमान किंवा जहाज शेवटच्या टप्प्यात त्याचा माग काढत येतं.

या सगळ्यात तुमच्या स्वतःच्या होडीला काहीच कळत नाही! तुमच्या सर्वांत जवळ असलेले लोक म्हणजे होडीवरचे सोबती, आणि नेमके तेच या साखळीच्या बाहेर राहतात. म्हणून सोबत कोणी असेल, तर एआयएस (जहाजांची जागा आसपासच्या जहाजांना आपोआप कळवणारी रेडिओ यंत्रणा) असलेला बीकन घ्या, असं मी आग्रहाने सांगेन. हल्ली दोन्ही सोयी एकत्र असलेले पीएलबी मिळतात. एआयएसचा संदेश थेट आसपासच्या होड्यांच्या प्लॉटरवर, म्हणजे नकाशाच्या पडद्यावर, उमटतो. पाण्याच्या पातळीवरून तो काही मैलच जातो, पण तुम्हाला तेवढाच पुरेसा असतो. एकट्याने जाणाऱ्याच्या होडीवर मात्र तो पाहायला कोणी नसतं. त्याचा खरा भरवसा ४०६ वरच, आणि त्याहूनही आधी, त्याला होडीशी बांधून ठेवणाऱ्या हार्नेसच्या दोरीवर.

निघण्यापूर्वी

१. बीकनची नोंदणी करा. प्रत्येक बीकनला स्वतःचा १५ अक्षर-अंकांचा कोड असतो. तो आपल्या देशाच्या अधिकृत नोंदवहीत तुमच्या नावावर चढवावा लागतो. संपर्कासाठी किनाऱ्यावर राहणाऱ्या माणसांचे नंबर द्या. पत्नी किंवा भाऊ तुमच्यासोबतच होडीवर असेल, तर त्याच नंबरवर फोन करून केंद्राला काय कळणार? सफरीचा बेतही या माणसांना सांगून ठेवा.

२. बीकन लाइफजॅकेटवरच बांधा. केबिनमधल्या बॅगेत पडलेला बीकन पाण्यातल्या माणसाच्या काही कामाचा नाही. जॅकेट फुगलं की हवेचा फुगा छातीवर येतो आणि एरवी सहज सापडणारी जागा त्याच्याखाली दडते. म्हणून जॅकेट फुगवून, अंगात घालून, डोळे मिटून एका हाताने बीकन चाचपून पाहा. मग दुसऱ्या हाताने. हातमोजे घालत असाल तर ते घालूनही. अँटेना आणि बटण कुठे आहे ते बोटांना पाठ झालं पाहिजे, पण सरावात खरं बटण दाबायचं नाही.

३. प्लॉटर तपासा. काही जुने प्लॉटर एआयएस बीकनला साध्या जहाजासारखंच दाखवतात आणि अलार्म वाजत नाही. या बीकनचा क्रमांक ९७२ पासून सुरू होतो, हे होडीवरच्या प्रत्येकाला माहीत असू द्या.

पाण्यात पडल्यावर

थंड पाण्यात पहिलं मिनिटभर धाप लागते. ती आवरेपर्यंत फक्त तोंड पाण्याबाहेर ठेवा. जॅकेट आपोआप फुगलं नसेल तर दोरी ओढा. श्वास ताब्यात आला की लगेच बीकन हातात घ्या. फार थंड पाण्यात बोटं दहाएक मिनिटांत निकामी होऊ लागतात, त्यामुळे ‘आधी पोहून बघू’ हा विचार महागात पडतो.

अँटेना पूर्ण उघडा, बटण दाबा, दिवा लुकलुकतोय का पाहा. पीएलबी बहुधा हातानेच सुरू करावा लागतो. एआयएसचे काही बीकन जॅकेट फुगताच सुरू होतात, तरीही खात्री करा. पुष्कळ पीएलबी पाण्यात सरळ उभे तरंगत नाहीत. त्यामुळे अँटेना आकाशाकडे, पाण्याबाहेर ठेवणं हे तुमचंच काम. जीपीएसच्या भागावर हात ठेवू नका. आणि एकदा सुरू केलेला बीकन सुटका होईपर्यंत बंद करू नका. तो किमान २४ तास चालेल अशा बेताने बनवलेला असतो.

होडीवर राहिलेल्यांनी

मोठ्याने ओरडा. एकाने पाण्यातल्या माणसाकडे बोट रोखून धरायचं आणि नजर हलवायची नाही. दुसऱ्याने प्लॉटरवरचं एमओबी बटण (माणूस पडल्याची जागा नोंदवणारं) दाबायचं, तरंगणारं कडं फेकायचं आणि होडी थांबवायची. इंजिन सुरू करण्यापूर्वी पाण्यात दोर लोंबत नाहीत ना ते बघा, नाहीतर पंख्यात अडकतील. व्हीएचएफ रेडिओवर डीएससीचं (आपोआप संकटसंदेश पाठवणारं) लाल बटण दाबा आणि चॅनल १६ वर मेडे, म्हणजे संकटाची हाक, द्या. बीकन सुरू आहे म्हणून रेडिओ टाळू नका, कारण जवळून जाणारं जहाज रेडिओ ऐकून लवकर पोचू शकतं.

देखभाल

स्वयंचाचणी पुस्तिकेत सांगितली असेल तेवढीच करा. जीपीएसची चाचणी तर मोजक्याच वेळा करता येते. बॅटरीची मुदत बीकनवर छापलेली असते. चुकून बीकन सुरू झाला तर बंद करा आणि ताबडतोब बचाव केंद्राला कळवा, नाहीतर तुमच्या शोधात माणसं विनाकारण समुद्रात उतरतील. बीकन विकला तर नोंदणीही बदला. निकामी झालेला मात्र कचऱ्यात टाकू नका. पुस्तिकेत सांगितल्याप्रमाणे बॅटरीची विल्हेवाट लावा, कारण कचराडेपोत दाबला जाऊन सुरू झालेला बीकनही तीच हाक उपग्रहापर्यंत पोचवतो.