नारदाच्या गादीवर उभं राहताना

पटका बांधून, उपरणं घेऊन नारदाच्या गादीवर, म्हणजे कीर्तनकाराच्या जागेवर उभं राहिलं की कालपर्यंत ‘अरे’ म्हणणारी माणसंही ‘महाराज’ म्हणू लागतात. हा मान गादीचा असतो. नवा वारकरी कीर्तनकार तो आपला समजतो आणि पुढचं सगळं तिथून बिघडत जातं.

सुरुवात वीणेपासून करा. वीणा गळ्यात घेताना विणेकऱ्याच्या पाया पडायचं. तोही तुमच्या पाया पडतो. तो वयानं लहान असला तरी आधी तुम्ही वाका, आणि हात पायापर्यंत न्या. गुडघ्यापाशीच परत फिरलेला हात टाळकऱ्यांच्या नजरेतून सुटत नाही.

नमनात ‘मी पामर’ एकदा म्हटलं की पुरे. दहा मिनिटं तेच चाललं तर लोकांना कळतं की बुवांना ‘छे छे, महाराज’ ऐकायचंय. ज्ञानेश्वरीच्या नवव्या अध्यायाची सुरुवात नीट वाचा. एक अवधान द्या, सर्वसुखाला पात्र व्हाल, ही माझी उघड प्रतिज्ञा, असं माउली ठामपणे सांगतात. लगेच पुढच्या ओवीत म्हणतात, ‘परी प्रौढी न बोलें हो जी’, आणि सर्वज्ञ श्रोत्यांना सलगीनं विनवतात. एवढं ठाम बोलणं त्यांना विनवणीच्या आड येत नाही. हा तोल साधायला सराव लागतो.

निरूपणात प्रत्येक सिद्धांताला प्रमाण, म्हणजे संतवचनाचा आधार द्या आणि ते कुणाचं ते सांगा: माउलींचं, नाथबाबांचं (एकनाथांचं), तुकोबारायांचं. तुकोबांनी स्वतःला धन्याचा माल वाहणारा हमाल म्हटलं, तेव्हा मालावर आपला शिक्का मारायचा नाही. अर्थ ज्यांच्याकडून ऐकला त्यांचंही नाव घ्या. स्वतःचं मत असेल तर ‘हे मला वाटतं’ असं वेगळं काढून सांगा, नाहीतर श्रोता तुमचा शब्द संतवचन समजून घरी नेतो.

अभंगाचा चरण चुकला की मागचा टाळकरी हळूच बरोबर शब्द देतो. तो घ्या आणि चरण पहिल्यापासून म्हणा. काहीजण आवाज चढवून रेटतात, नाहीतर मृदंगाला खूण करून गजरात चूक बुडवतात. कीर्तन संपल्यावर त्या टाळकऱ्याला टोमणा मारला तर पुढच्या वेळी कुणी तोंड उघडत नाही, आणि चुकीचा पाठ जन्माचा जिभेवर बसतो.

पैशाबाबत तुकोबांचा दंडक कडक आहे: कीर्तन करावं तिथे अन्नही घेऊ नये, बुका-माळ घेऊ नये, द्रव्य घेणारा आणि देणारा दोघेही नरकात जातात. तरीही बिदागी घेत असाल तर आकडा तारीख देतानाच सांगा. पाकीट हातात आल्यावर घासाघीस नको, आणि ‘यथाशक्ती’ म्हणून नंतर तोंड पाडणं त्याहून वाईट.

कीर्तनानंतर कुणी आजारपण सांगेल, कुणी मुलीचं लग्न. ऐकून घ्या. औषध डॉक्टरांनी द्यायचं असतं, आणि ‘होईल सगळं नीट’ अशी हमी द्यायचा अधिकार गादीनं तुम्हाला दिलेला नाही. पाया पडायला रांग लागली तर खुर्चीत बसून पाय पुढे करू नका. उभे राहा, आणि पाया पडणाऱ्या प्रत्येकाच्या पाया पडा. कंबर दुखते, हे खरं आहे.